प्रतिसाद: बुसानमधील कमी खर्चाचे दोन दिवस

दक्षिण कोरियातील बुसान या बंदर शहरात दोन दिवस हाताशी आहेत आणि खर्च आवरता ठेवायचा आहे, असे आपण लिहिले आहे. शहर उंचावरून पाहण्यासाठी काहींनी उंच मनोऱ्यांची तिकिटे सुचवली आहेत; ती काढण्याची मला तरी गरज वाटत नाही.

ओर्युकदो बेटांसमोरच्या कड्यावर समुद्रावर पुढे काढलेला काचेचा सज्जा आहे. प्रवेश विनामूल्य आहे. काचेवर ओरखडे पडू नयेत म्हणून बुटांवर कापडी खोळी तेवढ्या चढवाव्या लागतात, आणि पायांखाली लाटा फुटताना दिसू लागल्या की भलेभले कठडा धरूनच चालतात. तेथूनच इगिदे या किनारी उद्यानापर्यंत सुमारे पावणेपाच किलोमीटरची किनारी पायवाट जाते. पायऱ्या पुष्कळ असल्याने गुडघे दुखणाऱ्यांनी जपून जावे, मात्र डोंगर संपत येतो तेव्हा समोर समुद्रावरचा ग्वांगान पूल उलगडतो, ते दृश्य चुकवू नये.

जवळच कोरियन युद्धातील सैनिकांसाठीची संयुक्त राष्ट्रांची स्मारक दफनभूमीही विनामूल्य पाहता येते. त्या युद्धात भारताने 60 वे पॅराशूट फील्ड ॲम्ब्युलन्स हे वैद्यकीय पथक पाठवले होते, त्यामुळे ती जागा आपल्याला परकी वाटत नाही. 1376 मध्ये स्थापन झालेले, खडकांवरचे हेदोंग योंगगुंगसा मंदिर गर्दीपूर्वी, सकाळीच गाठावे.

शनिवारी संध्याकाळी ग्वांगाल्ली किनाऱ्यावर ड्रोनचा खेळ फुकट असतो. पोटासाठी नाम्पो-दोंगमधील होत्तोक घ्यावा: तळलेली गोड पोळी कात्रीने उघडून तिच्यात सूर्यफुलाच्या व भोपळ्याच्या बिया भरतात. आतला गुळचट पाक मात्र जीभ भाजतो.