‘इनिमा’ म्हणजे आत्मा की काळीज?

अनुवादिका:
एका रोमानियन कथेचा अनुवाद करताना ‘इनिमा’ या शब्दावरून माझे आणि संपादकांचे मतभेद झाले आहेत. लॅटिन ‘अनिमा’पासून फ्रेंचमध्ये ‘आम’, म्हणजे आत्मा, झाला आणि रोमानियनमध्ये ‘इनिमा’. म्हणून मी ‘त्याचा आत्मा दगडाचा होता’ असे लिहिले, तर त्यांनी ‘आत्मा’ खोडून ‘काळीज’ केले. कोणाचे बरोबर?

जुना सभासद:
संपादकांचे. रोमानियन माणसाच्या छातीत धडधडते ती ‘इनिमा’च, आत्म्यासाठी तेथे ‘सुफ्लेत’ आहे आणि त्याचे नाते फुंकर घालण्याच्या क्रियापदाशी आहे, म्हणजे आपल्या ‘प्राणा’सारखेच. मूळ एक म्हणून अर्थही एकच राहतो असे नाही. ‘हृदया’चा ‘हिय्या’ झाला, पण हिय्या करायला कोणी डॉक्टरकडे जात नाही.

संस्कृतप्रेमी:
विषय निघालाच आहे म्हणून विचारतो. पाण्याला लॅटिनमध्ये ‘आक्वा’, फ्रेंचमध्ये झिजून नुसते ‘ओ’, पण रोमानियनमध्ये ‘आपा’ म्हणतात. हे आपले वैदिक ‘आपः’ नव्हे काय?

जुना सभासद:
नव्हे. हा ‘प’ त्यांच्या घरचाच आहे. लॅटिन ‘क्व’च्या पुढे ‘अ’ आला की रोमानियनमध्ये अनेकदा त्याचा ‘प’ होतो: ‘क्वात्तुओर’चे ‘पात्रु’, म्हणजे चार, आणि ‘एक्वा’ची ‘यापा’, म्हणजे घोडी. तसाच ‘क्त’चा ‘प्त’ होतो. आठाला ‘ओक्तो’चे ‘ओप्त’, दुधाला ‘लाक्तेम’चे ‘लाप्ते’, तर फ्रेंचमध्ये त्या दुधाचे ‘ले’ एवढेच उरले. आपल्याकडेही संस्कृत ‘भक्त’चा, म्हणजे शिजवलेल्या अन्नाचा, ‘भत्त’ आणि मग ‘भात’ झाला.

शुद्धिवादी:
मग लॅटिन ‘दिरेक्तुस’पासून आलेला ‘द्रेप्त’, म्हणजे सरळ, घरात असताना रोमानियनांनी ‘दिरेक्त’ पुन्हा का आणला? याला आळसच म्हणावे लागेल.

वाचक:
फ्रेंचमध्येही ‘द्रुआ’ आणि ‘दिरेक्त’ शेजारी शेजारी आहेत, जसे आपले ‘काम’ आणि ‘कर्म’. यांतले कोणते आपण काढून टाकणार? लॉरियन आणि मासिम या रोमानियन कोशकारांनी १८७० च्या दशकात स्लाव्ह शब्द वगळून लॅटिनमय कोश रचला, तो चेष्टेचा विषय झाला. रोमानियन माणूस आजही प्रेमाला ‘इउबिरे’ म्हणतो आणि तो शब्द स्लाव्हच आहे.

शुद्धिवादी:
लोक हसले म्हणून कोशकार चुकले असे सिद्ध होत नाही.

अनुवादिका:
‘काळीज’ मला मान्य आहे. परंतु पुढच्याच पानावर तोच दगडाच्या काळजाचा गृहस्थ बायकोला ‘सुफ्लेते’ अशी हाक मारतो. तेथे ‘प्राणा’ लिहिले तर नाटकी वाटते आणि ‘जिवा’ लिहिले तर लावणीतले वाटते. काय करावे?