मदत हवी आहे: नवजात बाळाचे श्वास नीट मोजायची सवय कशी करावी?

नमस्कार ताईंनो. ग्रामसभेत माझी आशा म्हणून निवड झाली आहे, प्रशिक्षण सुरू आहे. काम मनापासून आवडतंय, पण गृहभेटींचं थोडं दडपण आहे. दवाखान्यात बाळंतपण झालं तर 3, 7, 14, 21, 28 आणि 42व्या दिवशी घरी जायचं, घरीच झालं तर पहिल्या दिवशीही, हे पाठ झालं. झोळीच्या काट्यावर वजन घेणं, काखेत थर्मामीटर लावणं जमतं.

अडतं ते श्वास मोजताना. मिनिटाला 60 किंवा जास्त आले तर पुन्हा मोजायचे, दुसऱ्यांदाही तितकेच आले तर धोक्याचं लक्षण. पण बाळ मध्येच क्षणभर थांबतं, मग भराभर श्वास घेतं, आणि पोटाकडे बघू की घड्याळाकडे असं होतं. जुन्या ताई कशा मोजतात? दूध पिऊन झोपल्यावर मोजलेलं बरं का?

दुसरं, सव्वा महिना बाहेरच्या कुणी बाळाला हात लावायचा नाही असं सांगणाऱ्या आजीबाई. त्यांना दुखवायचं नाही, पण भेटही चुकवायची नाही, कारण पहिल्याच आठवड्यात बाळाला सगळ्यात जास्त धोका असतो. अशा घरात तुम्ही बोलायला सुरुवात कशी करता?