कद्दीश: दहा माणसं, अकरा महिने आणि नोकरी

सकाळची_लोकल:
मंडळी, आपल्या ज्यू धर्मात आई किंवा वडील गेले की मुलाने अकरा महिने कद्दीश (देवाच्या स्तुतीची प्रार्थना) म्हणायचं, इथवर ठाऊक आहे. पण राहणं ठाण्याला आणि नोकरी अंधेरीला असेल तर रोज मिन्यान (प्रार्थनेला लागणारे दहा पुरुष) कुठून गाठायचं? घरी एकट्याने म्हटलं तर चालतं का? महिने इंग्रजी तारखेने मोजायचे का? आणि मनातला खरा प्रश्न: ज्या प्रार्थनेत मृत्यूचा एक शब्द नाही, ती ऐन दुःखात का म्हणायची?

शनवारतेली:
एकट्याने चालत नाही. कद्दीशचा जीव उत्तरात आहे: म्हणणारा थांबतो आणि मंडळी ‘आमेन, येहे शमे रब्बा मेवारख’ म्हणतात. तेरा वर्षांवरचे दहा पुरुष नसतील तर उत्तर देणार कोण? मोबाईलच्या पडद्यावरचे दहा चेहरे म्हणजे मिन्यान नव्हे. दहा जण एका जागी असतील तर लांबून ऐकणाऱ्याने आमेन म्हणायला मात्र बरेच हखाम (धर्मपंडित) हरकत घेत नाहीत.

नोकरदाराने सकाळच्या शहरीत प्रार्थनेमागे धावण्यापेक्षा संध्याकाळ धरावी. मिन्हा (दुपारची प्रार्थना) सूर्यास्ताआधी आणि अरवीत (रात्रीची) लगेच त्यानंतर, म्हणजे एका फेरीत दोन्ही होतात. अडचण डिसेंबरात येते. मुंबईत तेव्हा सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, जूनमध्ये सव्वासातच्या आसपास. त्यामुळे हिवाळ्यात ऑफिसमधून लवकर निघायची सोय आधीच लावून ठेवा. मशिदीत (आपली जुनी माणसं सिनेगॉगला हाच शब्द वापरतात) दहा जण जमणार आहेत का, हे निघण्याआधी फोन करून विचारा. नऊच जमले तर कद्दीश होत नाही, आणि हे वरचेवर घडतं.

आणखी एक घोळ: इंटरनेटवरून उतरवलेला मजकूर बहुधा अश्केनाझी (जर्मनी-पोलंडकडच्या ज्यूंचा) असतो. आपल्याकडे सफारदी पद्धत (मूळ स्पेनकडच्या ज्यूंची). तिच्यात पहिल्या आमेननंतर ‘व-यात्स्मह पुरकाने’ने सुरू होणारी मशीहाची (येणाऱ्या तारणहाराची) ओळ येते. ती गाळली की मंडळी आमेनसाठी थांबतात आणि म्हणणारा पुढे गेलेला असतो.

मिन्यान नाहीच मिळालं त्या दिवशी तेहिल्लीम (स्तोत्रं) वाचा, नाहीतर मिश्नाचा (धर्मनियमांच्या जुन्या ग्रंथाचा) एक परिच्छेद. हिब्रूत ‘मिश्ना’ आणि ‘नेशामा’ (आत्मा) यांची अक्षरं तीच चार आहेत, म्हणून मृतासाठी मिश्ना वाचायची चाल पडली.

हिशेबनीस:
इंग्रजी तारीख विसरा. हिब्रू दिवस सूर्यास्ताला बदलतो. संध्याकाळी साडेसातला माणूस गेला तर तारीख दुसऱ्या दिवसाची, आणि मृत्यूच्या दाखल्यावर मात्र आदलीच राहते. पुढे वर्षाचा दिवा (पुण्यतिथीला लावतात तो) चुकतो तो इथेच. म्हणून वेळ त्याच दिवशी लिहून ठेवा.

उदाहरण घ्या. किस्लेव या हिब्रू महिन्याच्या 10 ला मृत्यू झाला तर साध्या वर्षात शेवटचं कद्दीश हेश्वान 9 ला. अधिक मासासारखा हिब्रू पंचांगातही 19 वर्षांत सात वेळा जादा महिना येतो. तसं वर्ष असेल तर तेच कद्दीश तिश्री 9 ला, म्हणजे किप्पूरच्या (उपासाच्या मोठ्या दिवसाच्या) आदल्या दिवशी संपतं. महिने अकराच मोजायचे, मग वर्ष तेरा महिन्यांचं का असेना. बारा का नाहीत? दुष्टाचा न्याय बारा महिने चालतो असं मानतात. पूर्ण बारा म्हटलं तर आपणच आपल्या बापाला दुष्ट ठरवल्यासारखं होतं. शेवटच्या दिवसाबाबत सफारदी मंडळींत चाली वेगवेगळ्या आहेत, तेवढं आपल्या हज्जानला (प्रार्थना चालवणाऱ्याला) विचारा.

पेणची_माहेरवाशीण:
शेवटच्या प्रश्नाला कोणी हात लावला नाही, म्हणून लिहिते. वाईट बातमी ऐकल्यावर ‘बारूख दयान हाएमेत’ म्हणतात, म्हणजे खऱ्या न्यायाधीशाला धन्य म्हणायचं. मिश्ना सांगते की चांगल्यासाठी आशीर्वाद म्हणतो तसा वाईटासाठीही म्हणायचा. यात ‘मला पटलं’ असं कबूल करायची सक्ती कुठेच नाही. बायबलमधल्या ईयोबाला शेवटपर्यंत कारण सांगितलं गेलं नाही. त्याचे मित्र सात दिवस, सात रात्री गप्प जमिनीवर बसले, तोवर त्यांचं वागणं बरोबर होतं. तोंड उघडून कारणं द्यायला लागले आणि देवाच्या रागाला पात्र झाले. कद्दीशही कारण देत नाही. जो माणूस त्या वर्षी कोपऱ्यात बसला असता, त्याला उभं राहून आधी बोलायला लावतं आणि नऊ जणांना त्याला उत्तर द्यायला लावतं. माझ्या मते एवढं पुरे आहे.

शेजारधर्म:
मी ज्यू नाही. शेजारी शिवा (दफनानंतरचा सात दिवसांचा शोक) चालू आहे. जाताना काय न्यावं?

पेणची_माहेरवाशीण:
हार-फुलं नकोत. नमस्कार, शालोमही नको. आत जाऊन बसा आणि घरच्यांनी बोलायला सुरुवात करेपर्यंत थांबा. शुक्रवार सूर्यास्तापासून शनिवार रात्रीपर्यंत जाऊ नका, शब्बाथला उघड शोक नसतो. फळं नेणं सगळ्यांत सुरक्षित, कारण मटण आणि दूध वेगळं ठेवणाऱ्या घरात बाहेरचं शिजवलेलं अडचणीचं होतं. दफनानंतरचं पहिलं जेवण बाहेरून येतं खरं, पण ते समाजातलेच करतात: उकडलेली अंडी आणि अख्खी मसूर. मसुराला तोंड नसतं, तसंच शोक करणाऱ्यालाही, असं जुने हखाम सांगून गेलेत.

सकाळची_लोकल:
आभारी आहे सगळ्यांचा. दफनाच्या वेळी शोक म्हणून फाडलेल्या सदऱ्याचं काय करतात?

शनवारतेली:
आईवडिलांसाठी डावीकडे, काळजावर फाडतात, साधारण 8 सेंमी. तीस दिवसांनी कच्चा धावदोरा घालता येतो, पण तो नीट सांधायचा नाही, कधीच नाही. शिंप्याकडे देणार असाल तर आधी बजावून सांगा, नाहीतर तो प्रेमाने रफू करून देतो.