मदत हवी आहे: छोट्या अ‍ॅपमधून पहिली कमाई कशी करावी? जाहिराती लावू की पैसे मागू?

नमस्कार मंडळी,

विणकाम करणाऱ्यांसाठी ओळी मोजणारं एक छोटं अँड्रॉइड अ‍ॅप मी बनवलं आहे. प्ले स्टोअरवर ते फुकट आहे आणि जाहिराती अजिबात नाहीत. नोकरी सांभाळून, कोटलिन ही प्रोग्रामिंगची भाषा शिकत शिकत ते उभं केलं. आता त्यातून पहिली कमाई व्हावी असं मनापासून वाटतंय. रक्कम लहान असली तरी चालेल. आपण बनवलेल्या गोष्टीसाठी कुणीतरी अनोळखी माणूस पैसे मोजतो, हे एकदा अनुभवायचं आहे.

अ‍ॅप काय करतं ते जरा सविस्तर सांगते, कारण उत्तर त्यावरच ठरेल असं वाटतं. विणताना दोन्ही हात सुयांत अडकलेले असतात. ओळ संपली की बोटाचं पेर पडद्यावर कुठेही टेकवायचं, आकडा एकाने वाढतो आणि फोन हलकेच थरथरतो, त्यामुळे मान वर करून बघावं लागत नाही. विणकाम चालू असेपर्यंत स्क्रीन बंद होत नाही. नमुन्यात दर आठव्या ओळीला टाके कमी करायचे असतील तर बाजूला दुसरा लहान आकडा चालतो आणि आठवी ओळ आली की रंग बदलतो. बस, एवढंच. इंटरनेट लागत नाही, लॉगिन लागत नाही.

इन्स्टॉल अडीच हजारांच्या आसपास आहेत, रोज उघडणारे साधारण सव्वाशे. रिव्ह्यूंमध्ये एक मागणी सारखी येते: स्वेटर आणि मोजे एकाच वेळी सुईवर असतात, तर प्रत्येक विणकामाचा आकडा वेगळा जपता यावा. ते काम माझं अर्ध्यावर आलं आहे.

तर प्रश्न असा, की खाली बॅनर जाहिरात लावावी, अ‍ॅपच पेड करावं, की ही नवी सोय विकत द्यावी? आणि आयओएससाठीही बनवलं तर कमाई लवकर सुरू होईल का? ज्यांनी हे प्रत्यक्ष केलंय त्यांनी कृपया सांगावं. आगाऊ धन्यवाद.

प्रतिसाद १

आधी जाहिरातींचं गणित करून टाका, म्हणजे निम्मा प्रश्न तिथेच सुटेल. रोज सव्वाशे लोक, प्रत्येकाला दिवसात सहा बॅनर दिसले असं धरलं तर साडेसातशे बॅनर. हजार बॅनरमागे अर्धा डॉलर मिळतो असं समजू. हा आकडा देशागणिक आणि अ‍ॅपगणिक खूप बदलतो, पण हिशोबापुरता घेऊ. दिवसाला सदतीस-अडतीस सेंट, महिन्याला अकरा डॉलरच्या आसपास. अ‍ॅडमॉबमध्ये (गुगलची जाहिरात सेवा) १०० डॉलर जमल्याशिवाय पैसे हातात येत नाहीत. म्हणजे पहिल्या कमाईसाठी नऊ महिने थांबायचं, तेही सगळं सुरळीत चाललं तर. मधे १० डॉलर झाले की पत्ता पडताळणीचा पिन पोस्टाने येतो, तो भरण्याचं काम वेगळंच.

दुसरी गोष्ट पैशांपेक्षा महत्त्वाची आहे. तुमच्या अ‍ॅपचा सगळा जीव "न बघता कुठेही टेकवा" यात आहे. तिथे तळाला बॅनर आला की पेर हमखास त्याच्यावर पडणार. माणसाचं विणणं थांबेल, भलतंच पान उघडेल, आणि असे चुकून झालेले क्लिक जाहिरातवाल्यांनाही चालत नाहीत. बटणाला खेटून जाहिरात ठेवू नये असं अ‍ॅडमॉबचे नियम स्पष्ट सांगतात. तुमच्याकडे तर अख्खा पडदाच बटण आहे! जाहिरात ठेवायला जागाच नाही, असं माझं ठाम मत.

शिवाय आज स्टोअरच्या डेटा सेफ्टी विभागात तुम्ही "माहिती गोळा करत नाही" असं लिहू शकता. जाहिरातींचा कोड आत आला की ते उत्तर बदलावं लागतं. युरोपातल्या वापरकर्त्यांना संमतीची खिडकी दाखवावी लागते. महिन्याला अकरा डॉलरसाठी हा व्याप कशाला?

आता अ‍ॅप पेड करण्याबद्दल. प्ले स्टोअरवर एकदा फुकट दिलेलं अ‍ॅप नंतर पेड करता येत नाही. तसं करायचं तर नव्या पॅकेज नावाने (स्टोअरवरची अ‍ॅपची ओळख) पुन्हा शून्यापासून सुरुवात, आणि इन्स्टॉल, रिव्ह्यू सगळं मागे राहणार. तो रस्ता सोडूनच द्या.

उरली नवी सोय. महिन्याभरात पाचशे जण अ‍ॅप वापरतात असं समजू. त्यातल्या शंभरातल्या तिघांनी तीन डॉलर दिले तर पंधरा जणांचे पंचेचाळीस डॉलर. गुगलने २०२१ च्या जुलैपासून वर्षाच्या पहिल्या दहा लाख डॉलरवर १५ टक्के दर ठेवला आहे, तो धरला तर सव्वाअडतीस डॉलर उरतात. या दरासाठी प्ले कन्सोलमध्ये (डेव्हलपरसाठीचं गुगलचं पान) नावनोंदणी करावी लागते, ती विक्री सुरू करण्याआधीच उरका. तिघांऐवजी एकानेच घेतलं तरी पहिल्या महिन्यातच पहिली कमाई झाली.

प्रतिसाद २

वरच्या प्रतिसादाशी या अ‍ॅपपुरता सहमत, पण जाहिराती सरसकट वाईट असं कुणी वाचू नये. एखादं अ‍ॅप लोक वर्षातून एकदा उघडतात, काम झालं की काढून टाकतात, पण असे लोक लाखांनी असतात. ते विकत काही घेणार नाहीत. तिथे जाहिरातच चालते. विणकामाचा आकडा रोज रात्री तासभर समोर असतो. इथे माणूस अ‍ॅपशी जोडलेला आहे, त्याच्याकडे थेट पैसे मागता येतात.

कुणी जाहिराती लावणारच असेल तर एक सांगतो: कोड लिहिताना गुगलने दिलेले टेस्ट जाहिरातींचे आयडीच वापरा. स्वतःच्या अ‍ॅपमधल्या खऱ्या जाहिरातीवर स्वतः टेकवणं, घरच्यांना टेकवायला सांगणं, हे अकाउंट बंद पडण्याचं हमखास कारण आहे.

धागाकर्ती

दोघांचेही खूप आभार. हिशोब असा मांडून पाहिला नव्हता, डोळ्यांसमोर चित्र स्पष्ट झालं. जाहिराती नकोतच.

मग एकापेक्षा जास्त विणकामं जपण्याची सोय विकत द्यायची. आता अडतंय ते इथे: सबस्क्रिप्शन ठेवू की एकदाच पैसे? आणि जे इतके दिवस फुकट वापरताहेत ते नाराज होतील का? त्यांच्यातल्या बऱ्याच जणींनी मला सूचना पाठवल्या आहेत, त्यांना दुखवायचं नाही. खरेदीचा कोडही मी पहिल्यांदाच लिहिणार आहे, तेव्हा कुठे जपावं तेही सांगा.

प्रतिसाद १

एकदाच पैसे. तुमचा सर्व्हर नाही, दर महिन्याचा खर्च नाही, दर महिन्याला नवं काही पुरवण्याचं ओझंही नको. सबस्क्रिप्शन घेणारा माणूस दर महिन्याला "मला काय मिळालं" हे विचारणार, आणि त्याचं ते विचारणं रास्तच आहे.

जे आज फुकट आहे त्यातलं काहीही काढून घेऊ नका. दुसरा आकडा, रंग बदलणं, स्क्रीन चालू राहणं, सगळं तसंच राहू द्या. उलट थोडं जास्त द्या: दोन विणकामं सगळ्यांना फुकट, तिसऱ्यापासून पैसे. तीन विणकामं एका वेळी चालवणारी बाई म्हणजे रोजची वापरकर्ती. ती तीन डॉलर देण्याआधी फार विचार करणार नाही.

आता कोडबद्दल. खरेदी झाली की तुमच्या अ‍ॅपने ती "मिळाली" अशी पोच प्ले बिलिंगला (गुगलची पैसे घेण्याची यंत्रणा) द्यावी लागते. तीन दिवसांत ही पोच गेली नाही तर पैसे आपोआप परत जातात आणि खरेदी रद्द होते. पहिली विक्री दिसते, आपण आनंदात असतो आणि चौथ्या दिवशी ती गायब होते, त्यामागे बहुतेक वेळा हेच असतं. म्हणून आधी चाचणी करा. कन्सोलमध्ये लायसन्स टेस्टिंगच्या यादीत स्वतःचा जीमेल पत्ता घाला, म्हणजे पैसे न कापता खरेदी करून पाहता येते. अशा चाचणी खरेदीत पोच द्यायची मुदत तीन मिनिटांचीच असते, त्यामुळे चूक असेल तर चहा होईपर्यंत कळते.

काही ठिकाणी माणूस आत्ता खरेदी करतो आणि पैसे नंतर भरतो. तोवर खरेदी "पेंडिंग" राहते. त्या अवस्थेत सोय उघडायची नाही आणि "खरेदी फसली" असंही दाखवायचं नाही. पैसे पोचायचे आहेत एवढंच सांगायचं.

अ‍ॅप दर वेळी उघडताना जुनी खरेदी तपासून घ्या. फोन बदलला, अ‍ॅप काढून पुन्हा टाकलं, तरी तेच गुगल अकाउंट असेल तर सोय परत मिळाली पाहिजे. पैसे भरून झालेल्या माणसाला कुलूप दिसलं की तो एक तारा देऊन मोकळा होतो, आणि त्यात त्याचं काही चुकत नाही.

अजून एक, हे आधीच माहीत असलेलं बरं: वैयक्तिक डेव्हलपर अकाउंटवरून विक्री सुरू केली की तुमचा पूर्ण पत्ता स्टोअरच्या पानावर लोकांना दिसतो. घरचा पत्ता दिसणं चालणार आहे का, याचा विचार घरच्यांशी बोलून करा.

आयओएसबद्दल: गुगलचे २५ डॉलर तुम्ही एकदाच भरलेत, अ‍ॅपलचे ९९ डॉलर दर वर्षी भरावे लागतात. कोटलिनमध्ये लिहिलेले पडदे तिथे जसेच्या तसे चालणार नाहीत, म्हणजे शिकणंही आलं. अँड्रॉइडवरच्या विक्रीतून ते ९९ डॉलर सुटायला लागले की मगच तिकडे वळा.

प्रतिसाद ३

धाग्यात मधेच घुसतोय, माफ करा. माझं अ‍ॅप तयार आहे पण स्टोअरवर जातच नाहीये. अकाउंट नवीन आहे, १२ टेस्टर मागताहेत. एवढी माणसं आणायची कुठून? टेस्टर अदलाबदल करणारे ग्रुप दिसतात, तिथे जावं का?

प्रतिसाद २

१३ नोव्हेंबर २०२३ नंतर उघडलेल्या वैयक्तिक अकाउंटना ही अट आहे. क्लोज्ड टेस्टिंगमध्ये (ठरावीक लोकांनाच दिलेली चाचणी) किमान १२ जण सलग १४ दिवस राहिले पाहिजेत, मग सार्वजनिक प्रकाशनासाठी अर्ज करता येतो. आधी ही संख्या २० होती, २०२४ च्या डिसेंबरात कमी झाली. मधेच दोघे बाहेर पडले तर अडचण होते, म्हणून सोळा-सतरा जण गोळा करा.

अदलाबदलीच्या ग्रुपमधली माणसं अ‍ॅप टाकतात आणि उघडतही नाहीत. अर्जात मात्र विचारतात, की टेस्टरांनी काय सांगितलं आणि तुम्ही काय बदललं. त्याचं उत्तर कुठून आणणार? अ‍ॅप ज्यांच्या कामाचं आहे अशी माणसं शोधा. धावण्याचं अ‍ॅप असेल तर धावणारे, हिशोबाचं असेल तर हिशोब लिहिणारे. वेळ लागेल, पण त्यातलेच दोन-तीन जण पुढे तुमचे पहिले पैसे देणारे होतात.

प्रतिसाद ४

वेगळा रस्ता सुचवते. मला पहिली कमाई स्वतःच्या अ‍ॅपमधून झाली नाही. स्टोअरवरचं माझं अ‍ॅप पाहून एका छोट्या संस्थेने त्यांचं जुनं, बंद पडलेलं अ‍ॅप दुरुस्त करून मागितलं. गुगल दर वर्षी टार्गेट एपीआयची पातळी (अ‍ॅप अँड्रॉइडच्या कोणत्या आवृत्तीसाठी बनवलंय) वाढवतं. बनवणारा निघून गेला की जुनी अ‍ॅप तशीच राहतात आणि नव्या फोनवर स्टोअरमध्ये दिसेनाशी होतात. असं काम पुष्कळ आहे. अ‍ॅपच्या पानावर संपर्काचा ईमेल नीट ठेवा आणि आलेल्या प्रत्येक पत्राला उत्तर द्या. स्वतःची विक्री हळूहळू वाढत असताना अशी कामं धीर देतात.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार, इतकं नेमकं कुणी सांगेल असं वाटलं नव्हतं. दोन विणकामं फुकट, तिसऱ्यापासून एकदाच पैसे, जाहिराती नाहीत, आयओएस नंतर, हे पक्कं. पत्त्याबद्दल घरी बोलले, त्यावर मार्ग निघेल.

शेवटचा प्रश्न. पैसे मागणारा पडदा दाखवायचा केव्हा, आणि त्यावर लिहायचं काय? अ‍ॅप उघडल्या उघडल्या दाखवणं मला बरं वाटत नाही.

प्रतिसाद १

बरोबर वाटतंय तुम्हाला. वापरकर्ती "नवीन विणकाम" हे बटण तिसऱ्यांदा दाबेल तेव्हाच दाखवा, कारण नेमक्या त्याच क्षणी तिला ती सोय हवी असते. विणणं चालू असताना कधीही नको. मजकूर साधा ठेवा: "दोन विणकामं नेहमीच फुकट. त्याहून जास्त हवी असतील तर एकदाच पैसे भरा. जाहिराती नाहीत, दरमहा काही नाही." खाली किंमत स्टोअरकडूनच घेऊन दाखवा, स्वतः टाइप करू नका, म्हणजे प्रत्येकीला आपापल्या चलनात योग्य आकडा दिसेल. "आत्ता नको" हे बटणही तेवढंच ठळक असू द्या, आणि ते दाबल्यावर तिचं चालू विणकाम होतं त्याच ओळीवर उघडलं पाहिजे.

अपडेट आधी थोड्याच लोकांना सोडा, कन्सोलमध्ये टक्केवारी ठरवता येते. क्रॅश वाढत नाहीत ना, खरेदीची पोच जातेय ना, हे बघून मग सगळ्यांना द्या. ज्या बायकांनी ही सोय मागितली होती त्यांच्या रिव्ह्यूंना त्याच दिवशी उत्तर लिहा. उत्तर दिल्याची सूचना त्यांना जाते, आणि पहिली खरेदी बहुधा त्यांच्यातूनच येईल.