आधी भिंत बघा, मग राऊटर

१०० एमबीपीएस वेगाच्या इंटरनेट प्लॅनवर वाय-फाय ७ चा राऊटर घेऊ का, असं विचारलंत. नका घेऊ. वाय-फाय ५ चा राऊटरसुद्धा ८० मेगाहर्ट्झ रुंदीच्या चॅनेलवर दोन अँटेनांच्या फोनला ८६६ एमबीपीएसची लिंक (फोन-राऊटर जोडणीचा वेग) देतो, म्हणजे तुमच्या प्लॅनच्या आठपटीहून जास्त. घोडं अडतंय भिंतीत. पेठेतल्या जुन्या वाड्याची जाड दगडी भिंत ५ गिगाहर्ट्झचा वेगवान सिग्नल गिळून टाकते, मग फोन गुपचूप २.४ गिगाहर्ट्झच्या संथ सिग्नलवर उतरतो. मधल्या खोलीपर्यंत कॅट ६ ची नेटवर्क केबल ओढून तिथे दुसरा ॲक्सेस पॉइंट (वाय-फाय पसरवणारा डबा) लावा. क्रिंप करताना, म्हणजे केबलच्या टोकाला प्लग बसवताना, आठही तारा लागल्यात ना बघा. चारच लागल्या तर लिंक १०० एमबीपीएसवर अडकते आणि शिव्या बिचारा राऊटर खातो! पुढे ३०० चा प्लॅन घेतलात, तर राऊटरचं वॅन पोर्ट (बाहेरून येणारी इंटरनेटची केबल लागते ते) गिगाबिट, म्हणजे १००० एमबीपीएसचं आहे का ते आधी तपासा.