१:२४ पद्मिनी टॅक्सी: मोबाईलवर खरी वाटेल असा फोटो कसा काढू? (बजेट ३०००)

पद्मिनीवाला: नमस्कार मंडळी. बाबांनी ३१ वर्षं मुंबईत काळीपिवळी चालवली, प्रीमियर पद्मिनी. गाडी भंगारात गेली तेव्हा तिचा एकही धड फोटो घरात नव्हता. परवा चोरबाजारात धातूची एक छोटी फियाट, म्हणजे पद्मिनीच, मिळाली. लांबी १६ सेंमी, म्हणजे जवळपास १:२४, खऱ्या गाडीच्या चोविसाव्या भागाएवढी. रंग खरवडून ती काळीपिवळी करायची आणि दादरच्या स्टँडवर उभी आहे असा फोटो बाबांच्या पंचाहत्तरीला द्यायचा, असं मनात आहे. रंग-सामान सगळं धरून ३००० रुपये. कॅमेरा नाही, मोबाईल आहे. काय घेऊ?

लेन्सवेडा: मॅक्रो लेन्स घे, अगदी जवळून फोटो काढायची. मी सेकंडहँड २८ हजारांना घेतली, आजवर पश्चात्ताप नाही. माझ्या १:१८ च्या जीपचा फोटो पाहून सासऱ्यांनी विचारलं, कधी घेतली?

पद्मिनीवाला: दादा, ३००० आहेत.

सुमा_नाशिक: काचांना फेविक्विक लावू नकोस रे बाबा. माझ्या अँबॅसिडरच्या काचा त्याच्या वाफेने रात्रीत पांढऱ्या धुरकट झाल्या. आठ दिवसांची मेहनत वाया गेली, रडायलाच आलं. साधा फेविकॉल लाव, वाळला की पारदर्शक होतो.

कुर्लाकर: गाडी कुठल्या सालची दाखवणार? जुन्यांना गिअर स्टिअरिंगच्या दांड्याला होता. मीटर बाहेर, डाव्या बाजूला. माझे काका कुर्ल्याच्या कारखान्यात होते, म्हणून सांगतो.

जोशीबुवा: शेवटची पद्मिनी टॅक्सी ३० ऑक्टोबर २०२३ ला बाद झाली. २०२३ पर्यंत कारखाना चालू होता का मग?

कुर्लाकर: नाही हो. उत्पादन कधीच थांबलं होतं. शेवटच्या टॅक्सीची नोंदणी ताडदेव आरटीओत २००३ साली झाली आणि टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा. हिशेब जुळतो.

रंगारी_७२: रंगाचं बोला. एनॅमल वाळलं म्हणून मी वर लॅकर मारलं, अख्ख्या बोनेटला सुरकुत्या पडल्या. एका जातीचाच रंग वापर. पावसाळी हवेत स्प्रे मारू नकोस, पांढरट छटा येते. काळ्यात थेंबभर राखाडी घाल, निव्वळ काळा रंग खेळण्यासारखा दिसतो. टायरची चकाकी पॉलिश पेपरने घालव. आणि थोडी धूळ मारच, नवीकोरी गाडी खोटी वाटते.

सुमा_नाशिक: धुळीला +१. आणि फेविक्विक नकोच.

लेन्सवेडा: धूळ हवीच. पण लेन्सशिवाय ती दिसणार कशी?

मृण्मयी_टोरांटो: लेन्स नको. मोबाईलचा सेन्सर लहान असतो, त्यामुळे पुढची गाडी आणि मागची इमारत दोन्ही बऱ्यापैकी स्पष्ट येतात, आणि आपल्याला हवं तेच आहे. मागचं धूसर झालं की गाडी छोटी असल्याचं लगेच कळतं, म्हणून पोर्ट्रेट मोड बंद ठेव. माणसाची नजर दीड मीटरवर धर, तिला २४ ने भाग, सव्वासहा सेंमी. लेन्स रस्त्यापासून तेवढीच उंच हवी. फोन उलटा धरलास की कॅमेरा खाली येतो. दीड बाय दोन फुटांच्या फळीवर काळा पॉलिश पेपर चिकटव, डांबर तयार. फळी स्टुलावर ठेव आणि तिची मागची कड खऱ्या रस्त्याशी जुळेपर्यंत पुढेमागे हो. उजेड उन्हाचाच, दिव्याने सावल्या फसतात. मायकल पॉल स्मिथ यांनी एल्गिन पार्क हे काल्पनिक गाव १:२४ च्या गाड्या, मागे खरी झाडं-घरं आणि साधा डिजिटल कॅमेरा एवढ्यावर उभं केलं. ते फोटो जरूर बघ.

जोशीबुवा: फोन उलटा धरावा, असं मीही सांगणार होतो.

रंगारी_७२: दादरला सकाळी सातनंतर स्टूल ठेवायला जागा मिळणार नाही. घरीच गच्चीवर काढ, मागे छापील चित्र लाव.

सुमा_नाशिक: गच्चीच बरी.

पद्मिनीवाला: सगळ्यांचे मनापासून आभार. रंग, प्रायमर, पॉलिश पेपर, फळी मिळून १४०० झाले. मृण्मयीताई, उलट्या फोनने काल खिडकीत एक फोटो काढून पाहिला. अजून रंग नाही, तरी बायको म्हणाली, ही कुणाची गाडी?

पण दोन गोष्टी तुमच्याविरुद्ध करतोय. दादरलाच जाणार, रविवारी पहाटे, मेहुणा स्टूल धरायला येतोय. आणि धूळ मारणार नाही. बाबा रोज चारला उठून दोन बादल्या पाण्याने गाडी धुवायचे, मग जुन्या बनियनच्या तुकड्याने बोनेट पुसायचे. मळकी गाडी पाहिली तर ते ही माझी नव्हेच म्हणतील.

कुर्लाकर: मीटर डावीकडेच लाव.