एकाच मशीनवर पायथनच्या तीन-चार आवृत्त्या असतील तर नुसतं 'पिप इन्स्टॉल' (पायथनची पॅकेजं टाकणारा आदेश) बंद करावं का?

पाथशोधक: माझं मत: करावं. नुसतं 'पिप' म्हटलं की पाथमध्ये (प्रोग्रॅम शोधायच्या फोल्डरांच्या यादीत) आधी सापडेल तो पिप चालतो. पॅकेज जातं ३.९ मध्ये, प्रोग्रॅम चालतो ३.१२ वर, आणि मग 'मॉड्यूल नॉट फाउंड'च्या नावाने बोंब. त्यापेक्षा 'पायथन३.१२ -एम पिप इन्स्टॉल' लिहा. विंडोजवर 'पीवाय -३.१२ -एम पिप'. कोणत्या पायथनसाठी टाकतोय ते आदेशातच दिसतं. आणि हेही व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंटच्या (प्रत्येक प्रकल्पासाठी पॅकेजांचा वेगळा कप्पा) आतच करा. २०२३ मध्ये डेबियन १२ या लिनक्सने पेप ६६८ हा पायथनचा प्रमाण-प्रस्ताव धरून सिस्टिमच्या पायथनमध्ये पिपला मज्जाव केला, ते उत्तमच झालं.

लॅब_नंबर_तीन: उत्तम कुणासाठी? वीस ओळींची स्क्रिप्ट चालवायची तर आधी एन्व्हायर्नमेंट बनवा, मग ते ॲक्टिव्हेट करा. पायटॉर्चसारखी मशीन लर्निंगची मोठी लायब्ररी लागली की प्रत्येक फोल्डरमध्ये काही जीबी गेले. आमच्याकडची पोरं सरळ पिपला '--ब्रेक-सिस्टिम-पॅकेजेस' हा मज्जाव झुगारणारा पर्याय लावून मोकळी होतात. नावातच 'मोडतोड' असलेला पर्याय लोक रोज वापरतात, म्हणजे नियमातच काहीतरी चुकलंय.

डेबियनकर: अहो, नियम कुणाची हौस म्हणून नाही आला. उबुंटूवर ॲड-ॲप्ट-रिपॉझिटरी (सॉफ्टवेअरचे नवे स्रोत जोडणारा आदेश) ही पायथन स्क्रिप्ट आहे. ग्नोम टर्मिनल उघडणारी फाइलसुद्धा पायथनच. 'सुडो पिप'ने, म्हणजे ॲडमिनच्या हक्काने पिप चालवून, एखादी लायब्ररी वर-खाली केली की तिच्यावर टेकलेली सिस्टिमची साधनं कोलमडतात. आणि काही शूर लोक तर 'पायथन३' हे नावच नव्या आवृत्तीकडे वळवतात, मग टर्मिनल का उघडत नाही म्हणून विचारत फिरतात. नवी आवृत्ती हवी तर शेजारी टाका. सिस्टिमच्या पायथनला हात लावू नका.

गंजलेला: यूव्ही हे पिपऐवजीचं साधन वापरा की राव. फेब्रुवारी २०२४ पासून आहे. हवी ती पायथन आवृत्ती स्वतः उतरवून घेतं, एन्व्हायर्नमेंट बनवतं, आणि शक्य तिथे नवी प्रत न करता एकाच कॅशेतल्या (साठ्यातल्या) फाइलीच पुन्हा वापरतं. लॅबवाल्यांची जीबीची तक्रार तिथेच संपली.

पाथशोधक: वेगवान आहे, मान्य. पण ते एका कंपनीचं साधन आहे. ॲनाकोंडा या कंपनीच्या पायथन संचाच्या वेळीही सगळे असेच खूश होते. २०२० मध्ये अटी बदलल्या आणि मोठ्या संस्थांना परवान्याचे पैसे मोजायची वेळ आली.

गंजलेला: तिथे मुद्दा त्यांच्या पॅकेज भांडाराच्या वापराचा होता. पॅकेजं टाकणारं त्यांचं कोंडा हे साधन आजही मुक्त आहे. यूव्ही एमआयटी आणि अपाची या मुक्त परवान्यांखाली आहे, पॅकेजं पायपीआय या पायथनच्या सार्वजनिक भांडारावरूनच येतात. उद्या कंपनीने रंग बदलले तर फोर्क करता येईल, म्हणजे त्याच कोडवरून वेगळी आवृत्ती काढता येईल.

चाकवाला: तुम्ही सगळे 'कुठे टाकायचं' यावरच भांडताय. खरी डोकेदुखी पुढे आहे. सी मध्ये लिहिलेल्या बहुतेक पॅकेजांचं व्हील (आधीच बांधून ठेवलेली फाइल) आवृत्तीगणिक वेगळं असतं: सीपी३११ वालं, म्हणजे ३.११ साठीचं, ३.१२ वर बसत नाही. व्हील नसेल तर पिप सोर्समधून बांधायला घेतो आणि कंपायलर मागतो. त्यात ३.१२ मधून डिस्टयुटिल्स हे पॅकेज बांधायचं जुनं मॉड्यूल काढून टाकलं, काही जुन्या सेटअप फाइली तिथेच आडव्या. दर ऑक्टोबरला नवी आवृत्ती, प्रत्येकीला पाच वर्षं आधार, म्हणजे लायब्ररी लिहिणाऱ्याच्या डोक्यावर कायम पाचेक आवृत्त्या. म्हणून मी नवी आवृत्ती आल्याआल्या घेतच नाही, महत्त्वाच्या पॅकेजांची व्हील्स येईपर्यंत थांबतो. कोणताही इन्स्टॉलर घ्या, नसलेलं व्हील तो कुठून आणणार?

लॅब_नंबर_तीन: चाकवाल्यांशी सहमत. यूव्हीही करून बघतो. पण मूळ प्रश्नावर माझं 'नाही'च. नवशिक्याला पहिल्याच दिवशी '-एम' काय आणि ॲक्टिव्हेट काय हे समजावण्यात तास जातो, कोड राहतो बाजूला.

डेबियनकर: मग समजावू नका. 'पिप_रिक्वायर_व्हर्च्युअलएन्व्ह' हा व्हेरिएबल पोरांच्या बॅश-आरसीत (टर्मिनल उघडताना वाचली जाणारी फाइल) 'ट्रू' करून ठेवा. एन्व्हायर्नमेंटबाहेर पिप इन्स्टॉलच करणार नाही, तुमचा तो मोडतोडवाला पर्याय लावला तरी. ॲडमिनची परवानगीही लागत नाही.